राजसी 'येते' म्हणाली

बदलापूर गावातलं तळं बुजवायचं ठरलं होतं. त्यात राहणाऱ्या बोटभर उंचीच्या पाणमाणसांना रस्ता ओलांडून उल्हास नदीत न्यायला कुणीतरी पुढारी हवा होता, आणि त्यांनी धरलं राजसीला. वर्गात 'हजर' म्हणतानाही जिला घाम फुटायचा, तिला! पण ही पाणमाणसं फक्त तिलाच दिसत होती, त्याला काय करणार?

"मला नाही जमणार. लोक हसतील," शनिवारी तिने सांगून टाकलं. आणि पाठ फिरवताना सवयीने बोलून गेली, "येते हं."

'जाते' म्हणू नये, ही आईची शिकवण. आपण दहा जणांना 'येते' म्हणतो आणि वर्षभर उगवत नाही, पण हे पाण्यातल्यांना कोण सांगणार? रविवारी दुपारी ती क्लासला निघाली, तर सगळी पाणमाणसं गाठोडी बांधून काठावर उभी. उन्हाने पोरांची कातडी तडकायला लागली होती.

"तू येते बोलली," त्यांची म्हातारी म्हणाली, "म्हनून आमी सकालपासून भायेर बसलोय."

परत पाण्यात जा म्हणावं, तर पंपाने पाणी उपसलेलं, खाली नुसता चिखल. राजसीला स्वतःचाच भयंकर राग आला. तिने सायकल तिथेच टाकली.

"चला. पोरं मधे घ्या. कुणी पळायचं नाही."

हा आवाज आपलाच, हे तिला पटेना.

रस्त्याच्या मधोमध ती हात पसरून उभी राहिली. टेम्पो थांबला, रिक्षा थांबल्या, हॉर्नचा नुसता कल्ला झाला.

"ए, मरायचंय का?"

"रील बनवतेय रील!"

क्लासमधली श्रद्धा बाबांच्या स्कूटरवर मागे बसून खिदळत होती. राजसीचे कान तापले. हात खाली घ्यावेत असं दहादा वाटलं. पण चाकांपुढून रांग सरकत होती.

शेअर रिक्षावाला उतरून आला. "काय आहे इथे? रस्ता तर मोकळा आहे."

राजसीने मागे पाहिलं. बाकीची पाणमाणसं पलीकडे पोचली होती. म्हातारी तेवढी मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर गाठोडं ओढत होती. काहीतरी थाप मारता आली असती.

"एक आजी राहिल्यात, काका," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हळू चालतात."

श्रद्धा आणखी जोरात हसली. राजसीचे हात तसेच राहिले.

रिक्षावाल्याने रिकाम्या पट्ट्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. आणि मागे वळून ओरडला,

"ए, हॉर्न बंद करा रे! आजी चालल्यात!"