साडेचार तासांचं लंडन

माझा नवरा जिवा चौथी शिकलाय, हाच सगळा घोटाळा. शिकला नसता तर त्याला आकडे तरी वाचता आले नसते.

आमची एकुलती एक पोर रविना नर्स होऊन लंडनला निघाली, तेव्हा तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं: विमान मुंबईहून सुटणार दुपारी एक, लंडनला पोचणार संध्याकाळी साडेपाच. जिवाने बोटं मोजली. साडेचार तास. 'ठाण्याला एसटीने पाच लागतात,' म्हणाला, आणि हसत पोरीला निरोप दिला.

पहिल्या होळीला ती आली नाही. दुसऱ्या होळीलाही नाही. आमच्याकडचा माणूस भिवंडीला वीटभट्टीवर असो की वसईला रेतीवर, होळीला घरी येतोच. न येणारा म्हणजे घर विसरलेला. तिचा करार आहे, सुट्टी मिळत नाही, हे मी शंभरदा सांगितलं. पण याचं आपलं एकच. 'साडेचार तासांवर बसलीय आणि बापाला तोंड दाखवत नाही.'

बाजाराच्या दिवशी मोखाड्याच्या एसटीडी बूथवर तिचा फोन यायचा. मी आत बोलायचे, हा बाहेर रस्त्यावर उभा. पोर दर वेळी विचारायची, 'बाबा कुठंय?' मी सांगायचे, मिरच्या घेतोय. दोन वर्षं मिरच्याच घेत होता तो. मला दुसरं काही नको होतं, याने एकदा तिच्याशी बोलावं, बस.

शेवटी कॅलेंडरचं पान काढलं आणि याला ओढतच सुदर्शन गुरुजींकडे नेलं. ते आश्रमशाळेत भूगोल शिकवतात. पान बघून गुरुजी म्हणाले, 'अरे जिवा, हे साडेपाच तिथल्या घड्याळातले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात. विमान दहा तास उडतं. सात हजार दोनशे किलोमीटर आहे ते.'

'पायी किती?' जिवाने विचारलं.

'मोखाडा ते जव्हार एक दिवस धरला तर...' गुरुजींनी फळ्यावर भागाकार केला. 'साडेनऊ महिने.'

'पोटात ठेवली त्याच्याहून जास्त,' माझ्या तोंडून निघून गेलं.

परतताना याने पोरीला एकही शिवी घातली नाही. मी मनात म्हटलं, चला, राग गेला एकदाचा. खरंच गेला होता. पण त्या दिवसापासून हा धड जेवेना. आधी शिव्या देत का होईना, रोज तिचं नाव घ्यायचा. सवाऱ्यांच्या जीपचा आवाज आला की दारात यायचा. आता जीप आली तरी उठत नव्हता. जळलं मेलं माझं शहाणपण.

बाजाराचा दिवस आला. फोन वाजला आणि याने स्वतः रिसिव्हर उचलला. पोर पलीकडून खूप काही बोलत असणार, हा नुसता हं हं करत होता. मग म्हणाला, 'बाय माझे, रजा मिळाली तरी येऊ नको. लई लांब आहे. दमशील.'

मी रिसिव्हर हिसकावून घेतला.

'त्याचं ऐकू नको, पोरी,' मी म्हटलं. 'कसंही कर, पण ये. तुझ्या बापाने वाट बघायची सोडलीय.'