रिकाम्या खोलीतला दिवा

माशांच्या टँकवरचा दिवा लुकलुकायला लागला तेव्हा दंतवैद्यबाईंनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, "अहो, या रविवारपर्यंत नवा दिवा आणा." नवरा एका कारखान्यात खरेदी अधिकारी होता. त्यामुळे हे वाक्य कानातून डोक्यात पोचेपर्यंत त्याची मागणी झाली, मागणीची छाननी झाली, आणि 'रविवारपर्यंत' हा शब्द छाननीत गळला.

टँक समुद्राच्या पाण्याचा होता. मासे चारच, तेही तोंडी लावण्यापुरते. बाईंचा खरा जीव होता प्रवाळात, आणि त्यातही एकाच प्रवाळात. नखाएवढा तुकडा त्यांनी आणला होता. काही वर्षांत तो तळहाताएवढा झाला, त्याला जांभळ्या टोकांची शिंगं फुटली, आणि घरात त्याला हरीण म्हणायला लागले. या हरणाच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ भाड्याने राहतं. ते उजेडावर स्वयंपाक करतं आणि घरमालकाला जेवू घालतं. उजेड गेला की चूल बंद. आता त्या लुकलुकत्या दिव्याखाली शिंगांची टोकं फिकी दिसायला लागली होती, आणि बाई सकाळी तोंडात ब्रश घेऊन आणि संध्याकाळी खांद्यावरची पर्स न काढता टँकपुढे उभ्या राहायला लागल्या होत्या.

त्या स्वतः जाऊन दिवा का आणत नव्हत्या? कारण त्या दिलेल्या शब्दात अडकल्या होत्या. जुना दिवा मेटल हॅलाइडचा. त्याचा उजेड उन्हासारखा आणि तापही उन्हासारखा. पाणी तापतं म्हणून वर पंखा; पंख्याने पाणी उडून जातं म्हणून रोज वरून बादली. एका दिव्याने असा भरलेला संसार थाटला होता, आणि त्याचं वीजबिल खरेदी अधिकाऱ्याने हातात धरलेलं असताना बाई एकदा बोलून गेल्या होत्या, "बरं बाबा, पुढचा दिवा तुमच्या पद्धतीने घेऊ."

त्याची पद्धत म्हणजे किमान तीन पर्याय, समान परिस्थितीत चाचणी, आणि मग तुलनात्मक तक्ता. कारखान्यात त्याने याच पद्धतीने झाडू घेतले होते.

मत्स्यालयाच्या दुकानदाराने दुकानात लावलेले तीन नमुने अनामत घेऊन दिले: नवा हॅलाइड, ट्यूबांचा संच आणि एलईडी.

"साहेब, एलईडी घ्या आणि विसरून जा," दुकानदार म्हणाला. "महाग पडतो, पण एकदाच पडतो. हॅलाइडचा बल्ब वर्षाला बदला, ट्यूबा वर्षाला बदला. हा वर्षानुवर्षं चालतो."

"बिघडला तर?"

"तर पूर्ण बदला."

"म्हणजे काय विसरून जा म्हणालात, दिवा की पैसे?"

दुकानदाराने त्याला चहा विचारला नाही.

प्रत्येक दिवा एकेक आठवडा लावायचा ठरलं. भिंतीच्या प्लगमध्ये वीज मोजणारं छोटं मीटर बसलं. त्याच्या खाली टायमर मावेना, म्हणून इतकी वर्षं दिवा आपोआप लावणारा-घालवणारा टायमर काढून ठेवला. सकाळी दवाखान्यात निघताना बाईंनी दिवा लावायचा, रात्री जेवणाआधी घालवायचा.

पहिला आठवडा हॅलाइडचा. मीटर धावलं. हरणाची टोकं पुन्हा जांभळी झाली, पंखा फिरला, बादली रिकामी झाली. खरेदी अधिकाऱ्याने तक्त्यात आकडा भरला आणि तो बघून दोन मिनिटं डोळे मिटून बसला.

दुसऱ्या आठवड्यात ट्यूबा लागल्या, आणि त्याच दिवशी महिनाभर लेकीकडे राहून अण्णा परत आले. अण्णा म्हणजे खरेदी अधिकाऱ्याचे वडील. त्यांनी चपला काढल्या, पाणी प्यायलं, टँकपुढे खुर्ची ओढली आणि पेपर उघडला. "हा उजेड बरा आहे," ते म्हणाले. "त्या जुन्याने टक्कल भाजायचं."

ट्यूबांचा आकडा अपेक्षेपेक्षा बराच कमी आला. बाईंना मात्र टोकं जरा मळकट वाटली.

"तुला वाटतंय," नवरा म्हणाला.

"मला दिसतंय."

"वाटण्याला तक्त्यात रकाना नाही गं."

तिसऱ्या आठवड्यात एलईडी लागला. निळसर, धारदार. अण्णांनी एकदा पेपर उघडला, सगळी अक्षरं आणि स्वतःचे हात निळे बघितले, आणि खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली. त्या आठवड्यात मीटरचा काटा जागचा हलला म्हणण्यापुरता हलला. खरेदी अधिकाऱ्याने मीटर काढलं, झटकलं, पुन्हा लावलं. मग त्याला उचंबळून आलं. असा दर त्याने उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. दिव्याची सगळी किंमत किती लवकर वसूल होईल ते त्याने तीन रंगांत काढलं. कारखान्याच्या छतालाही हेच लावायला हवेत असं तो जेवताना बोलला.

"अहो, हरीण तपकिरी झालंय," बाई म्हणाल्या. "खालच्या बाजूला सालपट सुटतंय."

"नवीन जागेची सवय व्हायला वेळ लागतो."

"जागा तीच आहे. पाणी तपासलं, क्षार तपासले, मासे ठणठणीत आहेत. उजेड जास्त झाला असता तर पांढरं पडलं असतं. हे उपाशी आहे. दिवसभर ताटावर बसून उपाशी कसं?"

त्यांचं कशातच लक्ष लागेना. पेशंट आ करायचे आणि बाईंना आत फांद्या दिसायच्या. एका पेशंटला त्या तिसऱ्यांदा "थुंका" म्हणाल्या तेव्हा ती बिचारी म्हणाली, "डॉक्टर, आता काही उरलं नाही." पुढच्या पेशंटने वेळ रद्द केली. बाईंनी अॅप्रन खुंटीला अडकवला आणि भर दुपारी घर गाठलं.

दिवाणखान्यात टँक काळाकुट्ट होता. मासे खडकाच्या कपारीत झोपलेले. बाईंना आधी वाटलं एलईडी गेला. मग भिंतीकडे बघितलं. बटण बंद.

आतल्या खोलीत अण्णा खिडकीपाशी शब्दकोडं सोडवत होते.

"अण्णा, टँकचा दिवा तुम्ही घालवलात?"

"हो. रोजच घालवतो."

"कधी?"

"तू गेलीस की. आणि तू यायच्या सुमाराला लावतो. आल्या आल्या अंधार नको तुला."

बाई दाराच्या चौकटीला टेकल्या. "पण का?"

"खोलीत कोणी नसतं," अण्णा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न संपला होता.

"मासे असतात की!"

"ते काय वाचतात?"

"अण्णा, गेल्या आठवड्यात ट्यूबा होत्या तेव्हा?"

"तेव्हा मी बसायचो ना तिथे. बसलो की लावायचो, उठलो की घालवायचो. जुना आपोआप लागायचा-जायचा, त्याला बटण आहे हेच मला माहीत नव्हतं. अगं, जन्मात मी रिकाम्या खोलीत दिवा ठेवला नाही. यालाही तेच शिकवलं." हा म्हणजे खरेदी अधिकारी. तो शिकलाही होता. तक्ता कुठून आला, हे बाईंना त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

त्यांनी दिवा लावला. निळ्या उजेडात हरीण बुडापासून अर्ध्यापर्यंत सोललं होतं. वर एकाच शिंगावर जांभळा रंग तग धरून होता. त्यांनी नवऱ्याला फोन केला. अर्ध्या तासात तो घरी आला, सगळं ऐकलं, वडिलांकडे बघितलं, मीटरकडे बघितलं आणि खुर्चीत बसला.

"म्हणजे समान परिस्थिती नव्हतीच," तो म्हणाला. "तिन्ही चाचण्या बाद. पुन्हा पहिल्यापासून—"

"अहो."

"नाही, म्हणजे पद्धतशीर—"

"तुम्ही टॉर्च धरा."

बाईंनी दवाखान्याच्या पिशवीतून पक्कड काढली. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. खालचा मेलेला भाग वर चढत होता; तो पोचायच्या आत वरचं जिवंत टोक तोडून वेगळं करायला हवं होतं. वरच्या शिंगाला पक्कड लावली. बारीक कट्‌ झालं. नखाएवढा तुकडा वर आला, बाईंनी तो टिपला, दगडाच्या चकतीवर गोंदाच्या थेंबात बसवला आणि परत पाण्यात ठेवला. पहिल्या दिवशी आणला होता, तेवढाच.

"जगेल?" नवऱ्याने विचारलं. टॉर्च अजून पेटलेलाच होता.

"उजेड मिळाला तर. आता सांगा, कोणता दिवा घेताय?"

त्याने सवयीने तक्ता काढला आणि तो बाईंपुढे धरावा की नाही ते त्याला कळेना. "कागदावर एलईडी," तो हळूच म्हणाला.

"ट्यूबा घ्या."

"त्या कशातच पहिल्या नाहीत. वीज एलईडीपेक्षा जास्त, उजेड हॅलाइडपेक्षा कमी, शिवाय दरवर्षी बदलायच्या."

"अण्णांना त्यात पेपर वाचता येतो. टायमर लावला तरी रिकाम्या खोलीत ते आता बटण घालवणारच. जो या घरात चालू राहील तो दिवा घ्यायचा."

खरेदी अधिकाऱ्याने तक्त्यात एक नवा रकाना आखला आणि त्यावर 'अण्णा' असं लिहिलं. त्या रकान्यात ट्यूबा पहिल्या आल्या.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांची खुर्ची टँकपुढे आली. बाईंनी समजावून सांगितलं होतं: तुम्ही बसा, खोली रिकामी राहणार नाही, दिवा राहील. अण्णांना हे पटलं, कारण यात त्यांचं काही बदलत नव्हतं. ते कामावर असल्यासारखे बसले. पण माणूस किती बसणार? तिसऱ्या दिवशी भर दुपारी दवाखान्यात फोन वाजला. बाईंचा एक हात पेशंटच्या तोंडात होता.

"सूनबाई, पाय आखडलेत. कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. खोली रिकामी होतेय. काय करू?"

"राहू दे चालू, अण्णा."



"बघतो," अण्णा म्हणाले.

पुढचे सगळे पेशंट बाईंनी घड्याळाकडे बघत तपासले. निघताना किल्ली विसरल्या, परत वळल्या, रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याचं बोलणं खाल्लं. घराचं दार उघडलं तेव्हा अण्णा अजून आले नव्हते.

दिवाणखान्यात ट्यूबा जळत होत्या. चकतीवरचा तुकडा होता तसाच होता, धड मेलेला नाही आणि धड फुललेला नाही. खुर्चीच्या पाठीवर अण्णांचा कोट बटणं लावून चढवलेला होता. बैठकीवर पेपर उघडा होता, आणि पेपरवर, टँककडे तोंड करून, त्यांचा चष्मा.

बाईंनी काही हलवलं नाही. पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्या कोटाशेजारी जमिनीवर बसल्या.