फॉल, फेल, फॉलन

सोमाजींनी कूलर बंद केला आणि फोन कानाशी घट्ट धरून तो निरोप पुन्हा लावला. समोर बायनाबाई गवारीची शेंग मोडता मोडता थांबल्या होत्या. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. निरोप संपला, तरी सोमाजींनी फोन कानावरून काढला नाही.

आवाज आयर्लंडमधल्या मॉरीनबाईंचा होता. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर रश्मी आणि अश्वजित भाड्यानं राहत. रश्मी तिथल्या एका हॉस्पिटलात नर्स होती. कालपासून लेक फोन उचलत नव्हती. जावयाचा फोन वाजून वाजून बंद होत होता. तेव्हा अडीअडचणीसाठी ठेवलेल्या या नंबरवर सोमाजींनी सकाळी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं होतं. उत्तर लिहून आलं असतं तर मोबाइलनंच त्याचं मराठी करून दिलं असतं. पण म्हातारीनं बोलून पाठवलं होतं, आणि तेही तोंडात सुपारी धरल्यासारखं.

"काय म्हन्ते?" बायनाबाईंनी विचारलं.

"हॉस्पिटल म्हन्ते. डोन्ट वरी म्हन्ते."

"अन्?"

सोमाजींची सारी नोकरी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात गेली होती. तिथले काही इंग्रजी शब्द कानाला झोपेतही कळत. पंप फेल झाला, बेअरिंग फेल गेलं. म्हातारीच्या बोलण्यात रश्मीच्या नावाला लागूनच 'फेल' होतं, आणि त्याला चिकटून 'प्रेग्नंट'. मग थोडं थांबून ती 'पुअर गर्ल' म्हणाली होती.

"सांगा ना वो."

"प्रेग्नंट... फेल. असं काईतरी."

शेंग ताटात पडली. लेकीला दिवस गेले आहेत हेच त्यांना माहीत नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि अलीकडे कोणी तो विषयही काढत नव्हतं.

बायनाबाई पायात चपला न घालताच शेजारच्या क्वार्टरमधून डिंपलला घेऊन आल्या. डिंपल कॉलनीतल्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. ती हातातलं काम टाकून तशीच आली होती. तिनं खुर्चीच्या कडेवर बसून निरोप ऐकला, परत ऐकला.

"काकाजी, हे फेल नापासवालं नाही. फॉल, फेल, फॉलन, त्यातलं आहे. फॉल म्हणजे पडणे."

"म्हनजे पोरगी पडली?"

"'रश्मी फेल प्रेग्नंट' म्हणते ती." डिंपलचा आवाज बारीक झाला. "प्रेग्नंटसोबत गेट येते, बिकम येते. मी तर पोरांना तेच शिकवते. फॉल कधी वाचलं नाही मी."

बायनाबाई भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसल्या.

"येते ना, बाई," त्या म्हणाल्या. "पोट पडते."

सोमाजींनी शर्टाच्या खिशाला हात लावला, गोळ्यांची पट्टी चाचपली आणि हात तसाच काढून घेतला. मागच्या दसऱ्याला नागपूरला त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. बायनाबाईंची नजर त्या हाताबरोबर गेली आणि खाली आली.

आपण नुसता अर्थ सांगायला आलो आणि हे काय सांगून बसलो, असं डिंपलला झालं.

"काकू, थांबा ना. फॉल म्हणजे सगळीकडे पडणंच नसते. फॉल अस्लीप म्हणजे झोप लागणे. त्यात कोणी पडते का? फॉल सिक म्हणजे आजारी पडणे, तिथं आपणही पडणंच म्हणतो. जो शब्द सोबत आला, त्याच्यावर असते सगळं. हे पण तसंच काही असन."

"पक्कं सांग," सोमाजी म्हणाले.

डिंपलनं मान खाली घातली. "पक्कं नाही सांगू शकत, काकाजी. फोन घरी चार्जिंगला आहे. नेटवर बघून येते." ती पळतच गेली.

ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच बायनाबाईंचा फोन वाजला. पडद्यावर रश्मीचं नाव होतं. फोन सोमाजींच्या जवळ पडला होता. त्यांनी उचलला, अंगठा पडद्यावर नेला आणि मागे घेतला.

"तू बोल," ते म्हणाले. फोन बायकोच्या हातात कोंबून ते उन्हात, अंगणात निघून गेले आणि दाराकडे पाठ करून स्कूटरजवळ उभे राहिले.

"आई," पलीकडून आवाज आला. थकलेला.

काय काय विचारायचं ठरवलं होतं ते सारं बायनाबाई विसरल्या.

"पोट पडलं का, माय?"

पलीकडे कुठलंसं मशीन टुकटुक करत होतं.

"तुले कोनं सांगतलं?" रश्मी म्हणाली. "अश्वजितनं? मी त्याले नको म्हटलं होतं. बाबाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा, तू रात्रंदिवस नागपूरच्या दवाखान्यात. तुले सांगून तू काय केलं असतं?"

बायनाबाईंना काही कळेना. नागपूरला जाऊन तर वर्ष व्हायला आलं होतं.

"कवाचं बोलून राह्यली तू?"

"मागच्या दसऱ्याचं." रश्मी थांबली. "तू कशाचं विचारून राह्यली?"

"आत्ताचं."

"आत्ताचं चांगलं हाय, आई. तिसरा महिना लागला. उलट्या थांबतच नव्हत्या म्हनून भरती करून सलाइन लावली. फोनची बॅटरी गेली होती अन् अश्वजितची डबल ड्यूटी, तिथं फोन ठेवू देत नाई. महिना भरू दे, मंग तुमाले सांगू म्हटलं होतं. या खेपेले लय भेव वाटते." मग घाईनं, "डॉक्टर आली. ठेवते. बाबाले नको सांगू मागचं."

फोन बंद झाला. नागपूरच्या त्या दवाखान्यात रश्मीचा रोज फोन येई. बाबांच्या गोळ्यांची नावं ती एकेक करून वाचून घ्यायची, बीपी विचारायची. मध्ये काही दिवस तिनं व्हिडिओ लावलाच नव्हता. नेट बरोबर नाही म्हणाली होती. बायनाबाई तिच्यावर चिडल्या होत्या. बाप इथं असा पडलेला आणि पोरीला तोंड दाखवायला होत नाही, असं बोलल्याही होत्या.

"काकाजी!" फाटकातून डिंपलचा आवाज आला. "काकाजी, गुड न्यूज आहे! फेल प्रेग्नंट म्हणजे दिवस गेले! तिकडं तसंच म्हणतात!"

सोमाजी आत आले ते दाराची चौकट धरूनच. हसत हसतच त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"ऐकलं का? पडनं-बिडनं काई नाई. आपन उगाच..." मग ते एकदम थांबले. "तू बोलली ना तिच्यासंग? खरंच काई पडलं नाई ना?"

बायनाबाई उठल्या. पदर सारखा केला.

"नाई," त्या म्हणाल्या. "उलट्या होऊन राह्यल्या. बाकी बरी हाय."

"पेढे आनतो."

"आना. डिंपलच्या घरी बी द्या. अन् स्कूटर हळू चालवा, घाई नाई काई."

स्कूटर सुरू झाली. कॉलनीच्या वळणापर्यंत तिचा आवाज येत राहिला, मग तो कंपनीच्या बसच्या आवाजात मिसळला. बायनाबाईंनी दाराला आतून कडी घातली आणि रश्मीला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिनं उचलला.

"गेली का डॉक्टर?"

"हो. काऊन, आई?"

"बाबा बाहेर गेले," बायनाबाई म्हणाल्या. "आता सांग. तवा कोन होतं तुह्याजवळ?"