मुकादमीचा इंग्रजी पेपर

“कापड मोजत नाहीत? मग मी सकाळपासून काय माशा मारते?” आईने वही माझ्याकडे ढकलली.

“तू चादरी मोजतेस. चादर कॉमन नाउन. कापड मटेरियल नाउन.”

“चादर काय पत्र्याची असते?”

मी कपाळावर हात मारला. शाळेत मी चाळीस पोरं सांभाळते, पण ही एक विद्यार्थिनी माझा अंत पाहत होती. इस्पितळाच्या धुलाईघरात तिची सव्वीस वर्षं गेली होती. मुकादमाची जागा रिकामी झाली होती आणि काम तर तिला तोंडपाठ होतं. पण इंग्रजीचा पेपर पास झाल्याशिवाय जागा मिळत नव्हती. दोनदा ती नापास झाली, दोन्ही वेळा नामांच्या प्रकारांनीच घात केला. वयाच्या अटीमुळे आता ही शेवटची संधी होती.

दिवसभर ओले गठ्ठे उचलून घरी आल्यावर तिला पेन धरवत नसे, म्हणून सगळा अभ्यास तोंडी. मी भांडी घासताना विचारायची आणि ती भाजी चिरता चिरता सांगायची.

“राग?”

“अ‍ॅबस्ट्रॅक्ट. हाताला लागत नाही, पण या घरात भरपूर आहे.”

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने वीसच्या वीस नामं बरोबर सांगितली. मी तिला मिठीच मारली.

निकाल लागला, नापास. नामांच्या प्रश्नात शून्य.

अर्ज करून, चार खेपा घालून आम्ही उत्तरपत्रिका पाहायला गेलो. वीसही उत्तरं बरोबर होती आणि प्रत्येकावर एक सरळ रेघ मारलेली होती.

“खोडलेली उत्तरं तपासत नाहीत, बाई,” कारकून म्हणाला.

“खोडली नाहीत, साहेब. आमच्याकडे यादीतलं मोजून झालं की रेघ मारतात. प्रत्येक उत्तर पुन्हा पाहिलं, पटलं, मग मारली.”

“ते धुलाईघरात. इथे नियम वेगळा.”

माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर हात आपटून त्याला नाही नाही ते बोलले. खरं तर मला माझाच संताप येत होता. अभ्यासाच्या चार महिन्यांत एकदाही मी तिच्याकडून पेपर लिहून घेतला नव्हता.

“तू गप्प बस गं,” आई म्हणाली.

तिने चष्मा लावला आणि उत्तरपत्रिका हातात धरून पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. नाम, मग त्याचा प्रकार. अडखळत, पण एकही न गाळता. मागे रांगेतला एक जण कुरकुरला, तर कारकुनानेच त्याला हाताने थांबवलं. विसावं उत्तर होईपर्यंत तो मान खाली घालून ऐकत होता.

“सगळी बरोबर आहेत, बाई. पण माझ्या हातात काही नाही हो.”

“ठाऊक आहे,” आईने कागद त्याच्यासमोर सरळ करून ठेवला. “कुणीतरी एकदा तपासायला हवी होती.”