थंड रेघ

"काका, तुमचं नाव यात नाहीये," विमा कार्यालयातली मुलगी म्हणाली. "गेल्या वर्षीच निघालंय."

"नीट बघ गं बाई. आमच्याच दुकानाची ग्रुप पॉलिसी आहे. दुकान माझ्या सख्ख्या भावाचं," दादा म्हणाले.

तिने पुन्हा पाहिलं. हृदयाची झडप बदलायची आणि दिरंगाई करायची नाही, असं डॉक्टरांनी कालच दादांना बजावलं होतं.

"तुम्ही अर्धा दिवस काम करायला लागलात ना, तेव्हा काढलं. ग्रुपमध्ये पूर्णवेळ माणसंच घेतात. दुकानाला कळवलं होतं आम्ही."

"मग माझ्या एकट्याची काढ आता."

"निघेल की. अर्ज भरा, तपासण्या करा. पण हे दुखणं आधीचं, त्याचा खर्च काही वर्षं मिळणार नाही. नाव निघाल्यावर लगेच आला असतात, तर जुनी वर्षं धरून स्वतंत्र पॉलिसी मिळाली असती. त्याला मुदत असते, काका. ती टळली."

मुलगी वाईट नव्हती. तिने पाणीही विचारलं.

दादा म्हणजे बाजारातले जुने काच कापणारे. बापामागे धाकट्या भावाला, छोट्याला, त्यांनीच वाढवलं, टपल्या मारून धंदा शिकवला. पहिला धडा हाच, की कटरने काचेवर रेघ मारली की लगेच तिथे काच मोड. थांबलास तर रेघ थंड होते, मग काच आपलं ऐकत नाही, भलतीकडेच फुटते. आणि हे शिकवणारा शहाणा स्वतः वर्षभर हातावर हात ठेवून बसला! बायको कानीकपाळी ओरडत होती, "धडधाकट आहात तोवर स्वतःची पॉलिसी काढा. तहान लागल्यावर विहीर खणणार का?" दादा तिच्यावरच उखडले होते. "भाऊ असताना मला कसली विहीर?"

दुकानात छोट्या वाटच पाहत होता. टेबलावर मोठा आरसा पडला होता. गोल कापणं अजूनही दादांशिवाय कुणाला जमत नसे.

"बरं झालं आलास, दादा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

दादांनी कटर उचलला आणि एका दमात गोल रेघ ओढली. मग मान वर न करताच विचारलं, "छोट्या, दम लागतो तर अर्धाच दिवस ये, म्हणालास. ते मायेनं, की विम्यातून माझं नाव काढायला?"

छोट्या उगाच फडक्याने टेबल पुसू लागला. "तुझ्या वयामुळे सगळ्यांचाच हप्ता चढत होता, दादा. मी सांगणारच होतो तुला."

"कधी?"

छोट्या टेबल पुसतच राहिला. त्या अर्ध्या दिवसाचं कौतुक दादांनी शेजारीपाजारी सांगितलं होतं. भाऊ असावा तर असा, म्हणून. आता ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. इथे केसाने गळा कापला होता, आणि तोही मांडीवर वाढवलेल्या पोराने.

छोट्याची नजर आरशावर खिळली होती.

"दादा," तो काकुळतीने म्हणाला, "रेघ थंड होईल."

दादांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग खालून हलक्या हाताने ठोकत त्यांनी काच मोडली. कडेला एकही टवका उडाला नाही.

कटर पुसून त्यांनी रोजच्यासारखा खणात टाकला नाही, खिशात ठेवला.

"उद्या येतोयस ना?" छोट्याने विचारलं.

दादा पायरी उतरले आणि दम खायला भिंतीला टेकले. आत छोट्या गिऱ्हाइकाला आरसा दाखवत होता. "बघा साहेब, आमच्या दुकानाचं काम!"