अकराव्या पानावरची शेळी

नातीने पडद्यावरच्या शेळीला बोट लावलं. शेळी 'बें' म्हणाली. पुन्हा लावलं, पुन्हा 'बें'.

"अगं, पुढे वाच की," मी म्हटलं.

"थांब गं आजी, विहीर राहिलीय."

विहिरीला बोट लावल्यावर बेडूक वर आला, ढगाला लावल्यावर ढग शिंकला. अर्ध्या तासात ती बाराव्या पानावर पोचली होती. गोष्ट काय आहे विचारलं, तर म्हणाली, शेळी आहे आणि बेडूक आहे.

पण बाराव्या पानावर शेळी असायला नको होती. तिथे नुसता रिकामा खुंटा हवा. मी तिच्या हातून ते यंत्र घेतलं आणि मागे मागे गेले. नऊनंतर थेट बारा. दहावं आणि अकरावं पान नव्हतंच.

पुस्तक माझ्या मैत्रिणीचं. छापखान्यात आम्ही दोघींनी एकवीस वर्षं प्रुफं तपासली. ती हस्तलिखित मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि मी प्रुफावर नजर ठेवायची. 'पूर्णविराम' ती इतकं ठासून म्हणायची, की अक्षरांचे खिळे जुळवणारे तिला पूर्णविरामबाईच म्हणत. तिचा धाकटा सहा वर्षांचा होऊन वारला, तेव्हा भेटायला येणारा जो तो 'गेला हो' म्हणायचा. ती मला एकदाच बोलली, "गेला म्हटलं की थोरली दाराकडे बघत बसते गं."

पुढच्या वर्षी तिने मुलांसाठी हे एकच पुस्तक लिहिलं. त्यात दहावं पान कोरं आणि अकराव्यावर एकच वाक्य: सकाळी शेळी मेली.

ते वाचताना तिचा आवाज अडकला. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सगळ्या पुस्तकात माझी नजर प्रुफावरून हलली ती तेवढीच. पुस्तक छापून आलं, त्यात होतं, 'सकाळी शेळी गेली.'

तिने बोल लावला नाही. मीच एका चिठ्ठीवर 'मेली' छापून घेतलं आणि तिच्या प्रतीत खळ लावून चिकटवलं. ती म्हणाली, "चला, एका प्रतीत तरी मेली." तिच्या मागे ती प्रत माझ्याकडे आली, आणि आता हे यंत्रावरचं नवं पुस्तक करायला तीच मी छापखान्याच्या मालकांच्या मुलाला दिली होती. निदान या वेळी तरी शब्द बरोबर जाईल, एवढ्याचसाठी.

मी त्याला फोन लावला. तो गोडच बोलला. दोन पानं चिकटलेली असतील, म्हणाला, कुणाच्या लक्षात आलं नसेल. चित्रकाराला खुंटा ओका वाटला म्हणून त्याने शेळी घातली. चाळीस मुलांना आधी दाखवलं होतं, एकही अडखळलं नाही. उलट सगळ्यात जास्त बोटं त्या शेळीलाच लागली.

"पान घाल ना रे परत," मी म्हटलं.

"मावशी, पान घातलं तर शेळी काढावी लागेल," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? पान नाही म्हणून तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

प्रत त्याने परत पाठवली. दहा आणि अकरा एकमेकांना घट्ट चिकटली होती. खळ माझीच, सढळ हाताने लावलेली. मी किटलीच्या वाफेवर पानं धरली आणि सुरीच्या पात्याने हळूहळू सोडवली. चिठ्ठी सुटून माझ्या बोटाला आली.

नातीला जवळ बसवलं. कोरं पान दाखवलं, मग अकरावं. पूर्णविरामबाईसारखंच ठासून वाचलं, "सकाळी शेळी मेली. पूर्णविराम."

नात पानावर वाकली. पहिल्यांदाच तिने बोट अक्षरांखाली धरलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"आजी, तू चुकीचं वाचतेस. इथे 'गेली' लिहिलंय."

बोटाला चिकटलेली चिठ्ठी मी तिला दाखवली. तिने ती पाहिली न पाहिली.

"गेली म्हणजे येईल ना परत," ती म्हणाली. शेजारी ठेवलेलं यंत्र ओढून तिने बारावं पान काढलं आणि बोट लावलं.

'बें.'

मी चिठ्ठी परत चिकटवायला बसले. या वेळी खळ अगदी थोडी घेतली.