पाचरींचं पाणी

"माझ्या खाणीत मला विचारल्याशिवाय दगडाला हातोडी लावायची नाही," असं त्या दगडवाल्या बाईला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिनं लावलीच. टवका उडवला, डोळ्याला भिंग लावलं, वहीत काहीतरी खरडलं आणि वर मलाच विचारते कशी, "आजी, हा दगड कसा तयार झाला, माहितीय?"

"तयार व्हायला तो काय मडकं आहे?"

"इथं पाणी होतं. पुरानं वाळू आणून टाकली, वाळूवर वाळू बसत गेली, तिचाच हा दगड झाला. पाणी निवांत असायचं तेव्हा गाळ खाली बसायचा. हा बघा, दोन थरांच्या मधला बोटभर करडा पट्टा, तो गाळच."

"इथं पाणी होतं म्हणे! आमच्या विहिरीचा तळ बघून ये आधी."

सून मान वळवून हसली. बाई मात्र हसली नाही. दोरी, पेन्सिल घेऊन थर मोजत राहिली. कॉलेजात शिकवते म्हणे. उन्हात अशी करपली होती, की शिकवणारी कमी आणि गुराखीण जास्त वाटायची. तेवढं मला बरं वाटलं, पण तिला सांगितलं नाही.

आमची खाण फरशीची. नवरा गेल्यावर बावीस वर्षं मीच चालवली. शाळा दुसरीपर्यंत, पण दगडावर हातोडी मारली की नुसत्या आवाजावरून सांगते, फरशी निघेल की चुरा. फोडायची आमची रीत जुनी. वरून ओळीनं भोकं पाडायची, त्यात वाळलेल्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि पाणी घालायचं. लाकूड फुगतं, दगड आपोआप सरळ फाटतो. आवाज नाही, सुरुंगाची दारू नाही.

यंदा वरचे थर संपले म्हणून आम्ही खाली उतरलो होतो. घराएवढी लांब एक चीप, म्हणजे थराची अखंड शिळा, मोकळी करायची होती. दोन दिवस सून हंडे भरभरून पाचरींना पाणी घालत होती, आणि माझा पोरगा खाली चिपेच्या पायथ्याशी पालथा पडून आधाराचे धोंडे पहारेनं काढत होता. हे सगळं माझ्या सांगण्यावरून.

त्या दिवशी सकाळी सून म्हणाली, "आई, वर घातलेलं पाणी खाली पायथ्याशी पाझरतंय. गढूळ येतंय."

"पाणी खाली येणार नाही तर काय वर जाणार? हंडा भर."

तिनं भरला.

ऊन डोक्यावर आलं तशी बाई वरून घसरत, खरचटत खाली आली. "आजी, मुलाला बाहेर काढा! आत्ता!"

"का? चहा घेऊन आलीस?"

तिनं आपल्या बाटलीतलं पाणी उघड्या दगडावर ओतलं. ओघळ सरळ पोराच्या दिशेनं पळाला. "सगळे थर तिकडंच कललेत. चिपेच्या खाली तो गाळाचा पट्टा आहे. पाचरींचं पाणी त्यात उतरलंय आणि खालचा आधार हा काढतोय. ती चीप आता कशावर थांबलीय, मला कळत नाही."

"चार दिवसांची पाहुणी तू. मला दगड शिकवतेस?"

तिनं माझा हात धरला आणि त्या पट्ट्यातला चिमूटभर गाळ तळव्यावर ठेवला. ओला होता. मी चोळला. त्यात वाळूचा एक कण लागेना, नुसतं लोणी. अशाच मातीनं मी जन्मभर चूल सारवली. ओल्या सारवणावर पाय पडला तर माणूस कसा आपटतो, ते माझ्या कंबरेला पक्कं ठाऊक आहे.

मी हात लुगड्याला पुसला आणि चिपेकडं वळले.

"ए, बाहेर ये!" मी ओरडले.

"दोनच धोंडे राहिलेत, आई."

"राहू देत! बाहेर ये म्हणते ना!"

"कालपर्यंत तूच घाई करत होतीस. आता त्या बाईचं ऐकून घाबरलीस होय?" आणि पहारेचा आवाज पुन्हा सुरू. हट्ट कुणाचा घेतलाय, ते विचारायची सोय नव्हती. शिव्या घातल्या, तर हसला.

तेवढ्यात चिपेच्या खालून खडा सुटला. मग दुसरा. सुनेचा हंडा हातातून पडला.

मी खाली शिरले. वाकत, रांगत त्याच्याजवळ गेले आणि चिपेला पाठ टेकून फतकल मारली. पाठीला गार ओल लागली.

"आई! ऊठ! वेड लागलंय का तुला?"

"माझी खाण आहे, कुठंही बसेन. तू कर तुझं काम."

"हे पडलं तर?"

"मघाशी नव्हतं पडत, आता कसं पडेल?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. पहार टाकली, मला काखेत हात घालून ओढत बाहेर काढलं आणि धान्याच्या पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. "हळू, मेल्या, कंबर!" मी त्याची कॉलर घट्ट धरून ओरडत होते. पंधरा पावलं झाली असतील.

मोठा आवाज झालाच नाही. जड कपाट फरशीवरून सरकवावं तशी नुसती घासल्याची घरघर, आणि चीप सबंध खाली आली. पायथ्याशी आपटून तिचे तुकडे झाले. पहार खालीच राहिली.

धूळ बसायला वेळ लागला. पोरगा मला खाली ठेवायचं विसरला होता. चीप होती तिथं ओला, करडा उतार उघडा पडला होता, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक लाटा. वाळूवरून उथळ पाणी वाहून गेल्यावर उमटतात, तशाच. फक्त दगडाच्या.

बाई त्या लाटांकडं बघत होती, पण पुढं गेली नाही. वही उघडून नुसती उभी होती. पेन्सिल कागदाला टेकवलेली.

"होतं बाई, पाणी होतं इथं," मी म्हणाले. "आणि लिहितेच आहेस तर आणखी एक लिही. गढूळ पाणी माझ्या सुनेनं सकाळीच बघितलं होतं. मी तिला गप्प केलं."

सून खाली मान घालून हंड्याचा पोचा चाचपत राहिली.

दुसऱ्या दिवशी नव्या जागी भोकं पाडली, पाचरी ठोकल्या. मी हंडा सुनेच्या हातात दिला आणि म्हटलं, "किती घालायचं, ते तूच सांग."

ती पायथ्याशी जाऊन ओणवी झाली, बोट फिरवून आली. बोटाला ओला करडा गाळ होता.

"आज नाही घालायचं."

पोरानं माझ्याकडं बघितलं. मी पाचरी उपटायला बसले.